खिशातली वीज

(इंग्लंडमध्ये राहणारी अनेक मराठी मुले आठवड्यातून एकदा मराठी शिकण्यासाठी एकत्र जमतात. लंडनमधील अशाच एका वर्गात, दिवाळीच्या दिवसांत, महाराष्ट्रातून गेलेल्या एका शिक्षिकेने हे भाषण केले. आपल्या रोजच्या वापरातील बॅटरी आतून कशी असते आणि ती कशी सांभाळावी, हे त्यांनी मुलांना समजावून सांगितले आहे.)



आत्ताच आपण सर्वांनी मिळून पणत्या लावल्या. मी बाजूला उभी राहून पाहत होते. तुमच्यापैकी एकीची आजी पणती लावायला वाकली. तेव्हा तिने सगळ्यांत आधी काय केले, हे कोणाच्या लक्षात आले का? तिने पदर सावरला, कमरेला खोचला आणि मगच काडी ओढली. तसे कर, असे तिला कोणी सांगितले नव्हते. लहानपणी तिच्या आईने तिला शिकवले असेल, आईला तिच्या आईने. विस्तवाजवळ कसे वागावे, हे शहाणपण आपल्या घरात असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

पण आता आपल्या घरात एक नवी वस्तू राहायला आली आहे. तिच्याजवळ कसे वागावे, हे आजीच्या आईला ठाऊक असणे शक्यच नव्हते. कारण तेव्हा ती वस्तूच नव्हती. ओळखा पाहू कोणती? ती बाबांच्या मोबाइलमध्ये आहे. आईच्या लॅपटॉपमध्ये आहे. ताईच्या घड्याळात आणि तुमच्या खेळण्यातल्या गाडीतही आहे. रस्त्याने घरोघरी जेवण पोहोचवणारे दादा ज्या विजेवरच्या सायकलीवरून फिरतात, त्या सायकलीत तर ती चांगली मोठी आहे.

बरोबर! बॅटरी. या बॅटरीला लिथियम-आयन बॅटरी म्हणतात. आज मी तुम्हांला तिचीच गोष्ट सांगणार आहे.

तुम्ही ज्या शहरात राहता, तेथे मुलांना विज्ञान समजावून सांगण्याची फार जुनी परंपरा आहे. लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन नावाची संस्था आहे. मायकेल फॅराडे हे थोर शास्त्रज्ञ तेथे काम करत. ते एका लोहाराचे पुत्र. लहानपणी त्यांनी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केली आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले. त्यांच्या पुढाकाराने या संस्थेत १८२५ सालापासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली. ती आजही होतात. फॅराडे यांनी तर एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. रोजच्या वस्तूकडे नीट पाहिले, तर तिच्यात केवढे विज्ञान सापडते, हे त्यांनी मुलांना दाखवले. आपणही आज तसेच करू.

लिथियम हा सर्व धातूंत हलका धातू आहे. इतका हलका, की तो तेलावरही तरंगतो. म्हणूनच लिथियमची बॅटरी आकाराने लहान असली, तरी तिच्यात पुष्कळ ऊर्जा मावते.

आता या बॅटरीचे एक छोटेसे घर आहे, असे समजा. त्या घरात दोन खोल्या आहेत. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक पडदा आहे. तो आपल्या केसापेक्षाही पातळ असतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक छिद्रे असतात. दोन्ही खोल्या एका द्रवाने भिजलेल्या असतात. या घरात लिथियमचे अतिसूक्ष्म कण राहतात. त्यांना आयन म्हणतात.

आपण बॅटरी चार्जिंगला लावतो, तेव्हा विजेच्या जोराने हे कण पडद्यातून पलीकडच्या खोलीत ढकलले जातात. चेंडू उचलून माडीवर नेऊन ठेवावा, तसेच हे. मग आपण मोबाइल सुरू केला, की ते कण पडद्यातून परत आपल्या पहिल्या खोलीत येऊ लागतात. ते येत असताना बाहेरच्या तारेतून वीज वाहते. त्या विजेवर मोबाइलचा पडदा उजळतो, गाडी धावते, आजोबांचा फोन लागतो. पुन्हा चार्जिंग, पुन्हा वापर. अशा शेकडो फेऱ्या हे कण मारत असतात.

ही बॅटरी काही एका दिवसात तयार झाली नाही. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम हे शास्त्रज्ञ तुमच्या इंग्लंडमधल्याच नॉटिंगहॅमचे. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी अमेरिकेत लिथियमची बॅटरी तयार केली. परंतु तिच्यात शुद्ध लिथियम धातू होता. प्रयोग करताना ती पेट घेई आणि आग विझवायला अग्निशमन दलाला प्रयोगशाळेत यावे लागे. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली तिच्यात मोठी सुधारणा केली. त्यानंतर जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी शुद्ध लिथियम धातू वगळून बॅटरी बनवली. ती सुरक्षित आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी काय केले असेल? त्यांनी तिच्यावर लोखंडाचा जड तुकडा टाकला! तिचा स्फोट झाला नाही. मग १९९१ साली ही बॅटरी बाजारात आली. या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात नोबेल पारितोषिक मिळालेले ते पहिलेच.

तर मुलांनो, शास्त्रज्ञांनी ही बॅटरी आपल्याला शक्य तितकी सुरक्षित करून दिली आहे. पण तिच्यातील पडदा पातळच आहे, हे विसरू नका. बॅटरी जोराने आपटली, दाबली गेली, तिला टोकदार वस्तू टोचली, ती फार तापली किंवा चुकीच्या चार्जरने तिच्यात प्रमाणाबाहेर वीज भरली गेली, तर तो पडदा फाटू शकतो किंवा वितळू शकतो. मग दोन्ही खोल्या एकमेकींना भिडतात. साठवलेली सगळी ऊर्जा एकदम बाहेर पडू पाहते. बॅटरी तापते. तापल्यामुळे आणखी उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने ती आणखी तापते. आतला द्रव ज्वालाग्राही असतो. त्याचे वायू होतात, बॅटरी फुगते, फुत्कार टाकते आणि पेट घेते. हा धूर विषारी असतो. आणि ही आग मोठी हट्टी असते. विझली असे वाटले, तरी काही वेळाने पुन्हा भडकू शकते.

हे केवळ पुस्तकातले बोलणे नाही. २०२१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात लंडनच्या पार्सन्स ग्रीन स्थानकात उभ्या असलेल्या गाडीत, एका छोट्या विजेवरच्या स्कूटरने पेट घेतला. डबा धुराने भरला. त्यानंतर, डिसेंबर २०२१ पासून, अशा स्कूटर गाडीत नेण्यास बंदी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेनर्स लेन स्थानकाच्या फलाटावर एक विजेवरची सायकल पेटली. मग ज्यांची घडी होत नाही, अशा विजेवरच्या सायकलींनाही ३१ मार्च २०२५ पासून लंडनच्या या गाड्यांत बंदी झाली. २०२३ या एका वर्षात लंडनच्या अग्निशमन दलाला विजेवरच्या सायकली आणि स्कूटर यांच्या पावणेदोनशेहून अधिक आगींसाठी धावावे लागले. म्हणजे जवळजवळ दर दोन दिवसांना एक आग! त्यांत तीन माणसांचा जीव गेला.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. २०२२ च्या सप्टेंबर महिन्यात वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात तुमच्याएवढा एक मुलगा भाजला. तो वाचू शकला नाही. हे सांगताना मलाही वाईट वाटते. पण तुम्ही घाबरावे म्हणून मी हे सांगत नाही. त्या मुलाच्या बाबतीत जे घडले, ते पुन्हा कोणत्याही घरात घडू नये, म्हणून सांगते.

आता माझ्या भाच्याची गोष्ट ऐका. माझा भाऊ लंडनजवळच्या एका गावात राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेले होते. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या खेळण्यातल्या गाडीचा चार्जर हरवला होता. म्हणून घरात कोणीतरी तसाच दिसणारा, स्वस्तातला दुसरा चार्जर आणला. टोक बरोबर बसले. टोक बसले म्हणजे चार्जर योग्यच असतो, असा आमचा सगळ्यांचा समज! रात्री गाडीची बॅटरी चार्जिंगला लावून ती सोफ्यावर ठेवली आणि आम्ही सारे माडीवर झोपायला गेलो. कोणीतरी सोफ्यावर उशाही रचून ठेवल्या.

थोड्या वेळाने धुराची सूचना देणारी घंटा कर्कश आवाजात वाजू लागली. आम्ही धावत जिना उतरलो. बैठकीच्या खोलीत पांढरा धूर कोंडला होता आणि सोफ्यावरून फुस्‌ऽ फुस्‌ऽ असा आवाज येत होता. माझा भाऊ पाण्याची बादली आणायला वळला. तेवढ्यात भाचा ओरडला, "बाबा, नको! आधी सगळे बाहेर चला!" त्याने बैठकीच्या खोलीचे दार बाहेरूनच ओढून बंद केले. अग्निशमन दलाचे जवान त्याच्या शाळेत येऊन हेच शिकवून गेले होते.

आम्ही अंगणात आलो. बाहेर कडाक्याची थंडी. पायांत चपलाही नव्हत्या. वहिनीने शेजारच्यांच्या दारातून ९९९ या क्रमांकावर फोन केला. आमचे आप्पा, म्हणजे भाच्याचे आजोबा, एकदम मागे वळले. "अरे, माझी पेटी आत राहिली!" ती पेटी त्यांनी सांगलीहून आणली होती. चाळीस वर्षे ते तिच्यावर भजने वाजवत होते. ते दाराकडे निघाले. तेव्हा भाच्याने त्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. "आप्पा, आत जायचे नाही. पुन्हा आत जायचेच नाही!" तो रडत होता, पण त्याने हात सोडला नाही.

काही मिनिटांत बंब आला. जवानांनी आग विझवली. सोफा जळाला, पेटीही जळाली. पण बाकीचे घर वाचले. जवानांचे प्रमुख म्हणाले, "दार बंद होते, म्हणून आग त्या एका खोलीतच राहिली." नंतर त्यांनी भाच्याच्या पाठीवर थाप दिली.

आप्पा अजूनही कधी कधी जेवणाच्या टेबलावर पेटी वाजवल्यासारखी बोटे फिरवतात. पण तेव्हा नातू त्यांच्या शेजारी बसलेला असतो. त्या रात्री त्याने हात सोडला असता, तर काय झाले असते, असा विचार माझ्या मनात येतो.

मुलांनो, त्या रात्री आमच्या किती चुका झाल्या, ते मोजून पाहा बरे. चार्जर दुसराच होता. बॅटरी मऊ सोफ्यावर ठेवली होती. वर उशा रचल्या होत्या. आणि ती तशीच सोडून आम्ही झोपायला गेलो होतो. झाल्या की नाही चार चुका? त्यांतूनच आपले नियम तयार होतात.

पहिला नियम. ज्या वस्तूचा चार्जर, त्या वस्तूलाच वापरावा. हरवला तर त्याच कंपनीचा किंवा कंपनीने सांगितलेला चार्जर मोठ्यांकडून आणवून घ्यावा. टोक बसते, एवढ्यावर भागत नाही. तारेचे वेटोळे सुटलेले, आवरण फाटलेले असेल, तर ती तार वापरू नये.

दुसरा नियम. चार्जिंगला लावलेली वस्तू टेबलावर किंवा फरशीवर, कडक व मोकळ्या जागी ठेवावी. गादी, सोफा, पांघरूण, उशीची खाली नको. चार्जिंग होताना बॅटरी थोडी तापतेच. तिची उष्णता बाहेर पडायला हवी. आपण पांघरुणात गुंडाळले, तर ती जाणार कोठे?

तिसरा नियम. सगळे झोपलेले असताना किंवा घरात कोणी नसताना बॅटरी चार्जिंगला ठेवू नये. बॅटरी भरली, की भिंतीवरचे बटण बंद करून चार्जर काढून ठेवावा.

चौथा नियम सायकल आणि स्कूटरच्या मोठ्या बॅटरीसाठी. ती दाराशी किंवा जिन्याखाली चार्जिंगला लावू नये. लंडनमधली घरे अरुंद असतात आणि बाहेर जायची वाट बहुधा एकच असते. तीच वाट पेटली, तर आपण बाहेर पडणार कसे? बाहेरून फिरून आल्याबरोबर गरम बॅटरी चार्जिंगला लावू नये. तिला आधी निवू द्यावे.

पाचवा नियम. बॅटरीला उन्हात, हीटरजवळ ठेवू नये. ती उघडू नये, टोचू नये, आपटू नये. "आत काय आहे ते बघू," असे वाटणे चांगलेच आहे; पण बॅटरीच्या बाबतीत ते चित्रात पाहावे.

बिघडलेली बॅटरी आपल्याला आधी खुणा देते. ती फुगते. मोबाइलचे मागचे झाकण वर उचलले जाते. ती नेहमीपेक्षा जास्त तापते. विचित्र वास येतो, काहीतरी गळते किंवा बारीक फुत्कार ऐकू येतो. अशी खूण दिसली, तर तिला हात लावू नका, दाबून पाहू नका. ताबडतोब मोठ्यांना सांगा. सांगायला संकोच करू नका. आपल्या हातून मोबाइल पडला असेल, तर रागावतील म्हणून लपवू नका. रागावणे पाच मिनिटांचे असते.

आणि आग लागलीच तर? तीन गोष्टी करायच्या. बाहेर पडायचे, जाताना मागचे दार ओढून घ्यायचे आणि ९९९ क्रमांकावर फोन करायचा. फोनवर आपला पत्ता स्पष्ट सांगायचा. म्हणून आपला पूर्ण पत्ता प्रत्येकाला पाठ हवा. भारतात गेलात, तर तेथे ११२ किंवा १०१ क्रमांक लावायचा. एकदा बाहेर आलात, की खेळणे, दप्तर, मांजर, कशासाठीही परत आत जायचे नाही. जवान आले, की त्यांना सांगायचे. कोणाला भाजले असेल, तर त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे थंड पाणी सोडावे. बर्फ लावू नये.

एक गोष्ट राहिली. जुन्या बॅटरीचे काय करायचे? ती घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत सगळा कचरा दाबला जातो. बॅटरी चिरडली, की गाडीच पेटते. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांत आणि कचरा डेपोंत एका वर्षात बाराशेहून अधिक आगी लागल्या आहेत. कचरा नेणारे काकाही कोणाचे तरी बाबा असतात ना? येथे मोठ्या दुकानांत जुन्या बॅटऱ्या टाकण्यासाठी वेगळा डबा ठेवलेला असतो. त्यात त्या टाका. आणि सुट्टीत मुंबईला जायला निघाल, तेव्हा आई-बाबांना आठवण करा, की पॉवर बँक मोठ्या बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवायची. विमानाचा तसा नियम आहे. हातातल्या पिशवीत काही बिघडले, तर लगेच कळते.

मुलांनो, पणतीची ज्योत आपल्याला दिसते, म्हणून आपण तिच्यापासून जपून राहतो. फुलबाजी हात लांब करून धरतो. बॅटरीतली ऊर्जा दिसत नाही. ती चकचकीत डब्यात गुपचूप बसलेली असते. म्हणूनच तिला डोळ्यांनी नव्हे, समजुतीने सांभाळावे लागते.

आज घरी गेल्यावर एक काम करा. झोपण्यापूर्वी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारा. उशीखाली मोबाइल आहे का? सोफ्यावर काही चार्जिंगला आहे का? दाराची वाट मोकळी आहे का? धुराची घंटा वाजते का, हे बाबांना बटण दाबून पाहायला सांगा. दर महिन्याला सांगा. आजीने पदर खोचायला तिच्या आईकडून शिकले. ही फेरी मात्र आजी तुमच्याकडून शिकेल.

तुम्हां सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा!

शब्दार्थ

उमेदवारी – काम शिकण्यासाठी केलेली नोकरी. ज्वालाग्राही – चटकन पेट घेणारा. फुत्कार – फुस्‌ असा आवाज. बंब – आग विझवणारी गाडी. पेटी – हार्मोनियम. निवणे – थंड होणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पणती लावण्यापूर्वी आजीने काय केले?
(आ) लिथियम-आयन बॅटरी बाजारात केव्हा आली?
(इ) ब्रिटनमध्ये आग लागल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करतात?

२. कारणे सांगा.
(अ) चार्जिंगला लावलेली वस्तू सोफ्यावर ठेवू नये.
(आ) जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये.
(इ) भाच्याने आप्पांचा हात सोडला नाही.

३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
बॅटरीच्या घरातील दोन खोल्या आणि पडदा यांचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.

४. करून पाहा.
तुमच्या घरात बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू किती आहेत, त्यांची यादी करा. प्रत्येक वस्तू कोठे ठेवून चार्ज केली जाते, ते तिच्यासमोर लिहा. जागा बदलायला हवी असेल, तर घरातील मोठ्या माणसांशी बोला.